डिस्कवरचं कुंकू

इचोडा, मंगळवार, संध्याकाळ

आज कापसाच्या जिनिंग मिलच्या सर्व्हरमध्ये जागा वाढवायला दोन नव्या डिस्क टाकल्या, तेही तो चालू असताना. बंद करणार तरी कसा? बाहेर कापसाच्या गाड्यांची वजनं त्याच्यावरच चालून राह्यली होती.

खोकं उघडलं, तर मालकीणकाकूंनी आधीच दोन्ही डिस्कला हळदकुंकू लावलेलं, अन् तेही नेमकं त्यांच्यावर छापलेल्या नंबरावर. स्क्रीनवर नव्या-जुन्या सगळ्या डिस्क सारख्याच दिसतात. नंबर न जुळवता फॉरमॅट मारलं अन् चुकून जुनीच पुसली गेली, तर यंदाची सगळी वजनं गेली. म्हणून अंगठ्यानं कुंकू पुसलं.

"पुसलं काऊन?" काकू दारातच उभ्या.

"नंबर पाहायचा होता, काकू."

त्यांनी डिस्कच्या मोकळ्या कोपऱ्यावर पुन्हा कुंकवाचं बोट टेकवलं. "इथं चालते का?"

चालते म्हटलं. डिस्क आत सरकवल्या, स्क्रीनवरचे नंबर दोनदा जुळवले, मग एंटर दाबलं. जागा वाढली, बाहेर वजनकाट्यावर कोणाला पत्ताही लागला नाही.

मनातल्या मनात काकूंना हसत होतो. निघताना पाहिलं, एंटरच्या बटणावर माझ्या अंगठ्याचं कुंकू. ते पुसायचा काही धीर झाला नाही.