स्वादुपिंडाची हजेरी

सोमवार, ४ तारीख
वॉर्ड छान आहे. खिडकीपाशी खाट, खाली शाळेचं मैदान. लेकीने परिचारिकेला बजावलं की बाबा कविता म्हणायला लागले की आवरत नाहीत, कानांत बोळे घाला. परिचारिका म्हणाली, इथे नुसतं कण्हणंच ऐकू येतं, कविता चालेल. मग तिला चौथीतली नदीची कविता चालीवर ऐकवली.

डॉक्टर नातवाच्या वयाचा. वाक्यागणिक ‘शंभर टक्के’. मी त्याचं तेच नाव ठेवलं. त्याच्या मते माझं इन्शुलिन उगाच चालू आहे. या वयातला मधुमेह गोळ्यांवर भागतो. पडताळायला उद्या चाचणी. एक संप्रेरक टोचायचं, त्याने यकृत साखर सोडतं. स्वादुपिंड जिवंत असेल तर ते इन्शुलिन सोडतं आणि त्याची खूण रक्तात सापडते. म्हणजे गुरुजींनी नाव पुकारायचं, पोराने ‘हजर’ म्हणायचं. तोवर इन्शुलिन बंद.

मंगळवार, ५
टोचलं, रक्त घेतलं. संध्याकाळी निकाल: हाकेला ओ नाही. मी म्हटलं, लेकीची आई जिवंत होती तेव्हापासून सुईवर आहे मी, द्या ती परत. शंभर टक्केचं उत्तर, नमुना बिघडला असणार. उद्या पुन्हा. इन्शुलिन बंदच.

बुधवार, ६
पुन्हा शून्य. पुन्हा दोष नमुन्याचा. अरे, पोरगं गैरहजर आहे, पाटी किती वेळा पुसाल! घसा कोरडा ठाक, बाटलीमागून बाटली रिकामी करतोय. लेकीला म्हटलं, भांड त्यांच्याशी. ती म्हणाली, “बाबा, हट्ट नका करू. शिकलेली माणसं आहेत ती.”
मग मी जन्मभर शाळेत काय गुरं राखली? नदीच्या कवितेचं दुसरं कडवं आठवेना.

गुरुवार, ७
टोचलं. ओकलो. रक्तासाठी शिरा शोधल्या: दोन्ही हात, मनगट, पाऊल. सगळ्या आटलेल्या. परिचारिका नळी रिकामीच घेऊन गेली. मी पाहिली.
संध्याकाळी शंभर टक्के नाचतच आला. हजर! स्वादुपिंड उत्तम. इन्शुलिन कायमचं बंद.
कोणाचं रक्त, विचारलं. तो लेकीकडे बघून हसला. साखर चढली की भ्रम होतो म्हणाला, गोळ्यांनी उतरेल. लेक रडली. आनंदाने.

शुक्रवार, ८
श्वासाला सडक्या फळाचा वास, इन्शुलिन तुटलं की येतो तो. परिचारिकेलाही आला, तिने खिडकी उघडली. विचारलं, काल नळी रिकामी होती ना? फरशीकडे बघत म्हणाली, “आजोबा, मला नोकरी टिकवायचीय.”
हरामखोर — सगळे —

शनिवार
धाप. ओळी पळतात. उद्या घरी सोडणार — बरा झालो म्हणून. घरची सुई मागितली — लेकीने फेकली — आता लागणार नाही म्हणे —

रविवार बहुधा
लेक केस विंचरतेय माझे. माझे ओठ हलतात, आवाज फुटत नाही. वही तिच्यासमोर धरतो — वाच, बाळ — मोठ्या अक्षरांत लिहितो —
ते रक्त माझं न