नळी घेऊन आबा घरी आले

तिसगाव, गुरुवार, फेब्रुवारी १९७१

आबा आज नगरच्या दवाखान्यातून घरी आले. लघवी तुंबत होती, पण मला, सुनेला, सांगायचं कसं म्हणून गप्प राहिले. पाय सुजले तेव्हा कळलं. डॉक्टरांनी नळी घालून लघवी मोकळी केली, तरी मूत्रपिंडं पूर्वीसारखी होणार नाहीत म्हणाले. किती दिवस, ते विचारायचा धीर झाला नाही. पायांची सूज उतरलीय. की मलाच तसं वाटतंय?

संध्याकाळी नळीची बाटली रिकामी करायला घेतली, तर आबांनी तोंड फिरवलं.

"टायफॉइडात माझी उलटी तुम्ही काढलीत, तेव्हा मी लाजले का?"

"लई लाजली हुतीस," म्हणाले आणि हसले.

आत्ताच ओसरीवरून हाक आली, "पोरी, बाटली भरली गं!" सगळ्या आळीला ऐकू गेली असेल. जाऊ दे.