'चौथी सुरंग'चा न वाजलेला शेवट

मी, रेमंड ऊर्फ रे लेडलर, वय सत्तर, राहणार हॅझेलडन कॉलियरी, परगणा डरहॅम, 'स्लॅगहीप' या हार्ड रॉक बँडचा पहिला, शेवटचा आणि एकमेव ड्रमर, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय, राजीखुशीने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. डावा कान पंचेचाळीस वर्षांपासून ठिकाणावर नाही, पण त्याचा या कागदाशी संबंध नाही. फुप्फुसांबद्दल डॉक्टर जे बोलले ते मी उजव्या कानाने नीट ऐकलं आहे. पूर्वी एकदा बिअरच्या ग्लासाखालच्या पुठ्ठ्यावर मृत्युपत्र केलं होतं, ते रद्द समजावं.

एक. राहतं घर, त्यातलं सामान आणि बँकेतली शिल्लक पत्नी ऑड्री हिला. शिल्लक बघून तिने हसू नये. "तुम्ही फार मोठे झाले असता" असं सांगणारे मला जन्मभर भेटले. त्यातल्या एकानेही आमची रेकॉर्ड विकत घेतली नव्हती.

दोन. व्हॅन गायक डेनिस ऑर्ड याला. मागचं दार दोरीने बांधावं लागतं. टाइन नदीपासून टीज नदीपर्यंतचा एकही कामगार क्लब या व्हॅनने सोडला नाही. खाणकामगारांच्या संपाच्या वर्षी दिवसा तिच्यातून संपकऱ्यांच्या स्वयंपाकघराला बटाटे वाहिले आणि संध्याकाळी फुकट वाजवलं. तेव्हा पोलिसांच्या दांडक्याने फुटलेला डावा दिवा डेनिसने दुरुस्त करू नये. पुढे खाण बंद झाली, मग एकेक क्लब बंद झाला. आम्हीच बंद व्हायचं विसरलो. डेनिसचा आवाज फार पूर्वी गेला, पण ते त्याला अजून कोणी सांगितलेलं नाही. ऑड्रीने सांगावं.

तीन. हॅझेलडन क्लबचे कार्यक्रम सचिव स्टॅन पर्व्हिस यांना काहीही नाही. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही असं वकीलबाई म्हणाल्या, तेव्हा साक्षीदार कोण हा प्रश्न तिथल्या तिथे सुटला. दर शनिवारी हा माणूस आमच्या गाण्याच्या मध्येच माइक हिसकावून म्हणायचा, "पोरांनो, जरा हळू. बायका बोलतायत." हार्ड रॉक हळू कसा वाजवायचा हे त्याने आजवर दाखवलेलं नाही.

चार. आता माझा मेहुणा, गिटारवादक कीथ हिंडमार्श. इथे ऑड्रीने चहा ठेवावा, कारण हे कलम लांब आहे.

एक्याऐंशी साली लंडनच्या रेकॉर्ड कंपनीचा माणूस आम्हाला ऐकायला हॅझेलडन क्लबात आला. उंची बूट, अंगावर अत्तर. 'चौथी सुरंग' हे आमचं सर्वांत लांब गाणं चालू होतं. त्याच्या शेवटी कीथचा सोलो होता आणि त्यासाठी तो सगळा हिवाळा घासत होता. सोलो सुरू होणार इतक्यात आठ वाजले. आठ वाजता आमच्याकडे बिंगो. राणी आली असती तरी स्टॅनने आकडे पुकारलेच असते, आणि त्याने ते पुकारायला घेतले. पाच-सहा आकडे झाले तरी आम्ही सोलोआधीचा ठेका धरून होतो.

कीथ ओरडला, "थांबू नकोस, रे! बडव!"

पहिल्या रांगेतून माझी आई ओरडली, "रेमंड! ठेव त्या काड्या खाली! माझा एकच आकडा राहिलाय!"

मी काड्या खाली ठेवल्या. बिंगो चालू असताना या गावात कोणी ड्रम वाजवत नाही, आणि स्वतःच्या आईच्या शेवटच्या आकड्यावर तर नाहीच नाही. आज पुन्हा तसं झालं तरी मी काड्या खालीच ठेवीन. आई जिंकली. लंडनचा माणूस शेवटची गाडी पकडायला निघून गेला. बक्षिसाच्या डुकराच्या मांडीचे काप आम्ही व्हॅनमध्ये खाल्ले. कीथनेही खाल्ले, पण हा भाग तो लोकांना सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी तो लंडनला गेला. तीन वर्षांनी लंडनने त्याला परत पाठवला. आल्यावर त्याने 'अस्सल स्लॅगहीप' नावाचा बँड काढला आणि तेच क्लब, तीच गाणी सुरू केली. 'चौथी सुरंग' तेवढं त्याने पुन्हा कधी वाजवलं नाही. आम्हीही नाही. दर नाताळला तो आमच्या टेबलाशी जेवायला बसतो. "ऑड्री, तुझ्या नवऱ्याला म्हणावं मीठ सरकव." "ऑड्री, तुझ्या भावाला म्हणावं हात लांब आहेत." बेचाळीस वर्षं ती बिचारी आमच्यामधलं टेलिफोन एक्स्चेंज झाली आहे. हे तिने का सोसलं ते मला समजत नाही, आणि मला त्याचं वाईट वाटतं.

तर, 'स्लॅगहीप' हे नाव मी कीथला देत आहे. 'अस्सल' खोडायला रंग माझ्या शेडमध्ये आहे. अट एकच. माझ्या अंत्यविधीनंतर हॅम आणि पीज पुडिंगची सँडविचं संपली की त्याने क्लबच्या स्टेजवर जावं आणि जिथे थांबलो होतो तिथून 'चौथी सुरंग' पूर्ण करावं. त्यासाठी एक दिवस बिंगो पुढे ढकलावा, असा अर्ज मी क्लबच्या कमिटीला केला. उत्तर आलं की बिंगो आठला म्हणजे आठला. म्हणून कीथने साडेसातलाच सुरू करावं. सोलो लांब आहे हे मला ठाऊक आहे. त्या वर्षी तो शेजारच्या घरात राहायचा आणि भिंत एका विटेची होती. तो सगळा हिवाळा मी आणि ऑड्री पलंगावर पडून तो सोलो ऐकायचो. फार सुंदर आहे. हे त्याला जिवंतपणी सांगण्याचा माझा विचार नाही.

माझे ड्रम स्टेजवर मांडावेत. त्यांच्यामागे कोणी बसू नये. कीथचं पहिल्यापासून म्हणणं होतं की माझ्याशिवाय तो जास्त चांगला वाजवतो. वाजवून दाखवावं.

हे सर्व वाचून, समजून सही केली.

रेमंड लेडलर
हॅझेलडन कॉलियरी, १४ नोव्हेंबर २०२३

आम्हा दोघांदेखत सही झाली:

१. जोन रेन, शेजारीण

२. स्टॅन पर्व्हिस, कार्यक्रम सचिव. (रे, कमिटी गेली खड्ड्यात. त्या दिवशी कीथचं वाजवून होईपर्यंत मी आकडा पुकारत नाही. — स्टॅन)