वीस फूट वायर

सोमवार, ३ जून
माझा गुडघा बरा. मुलीचा खोकला गेला, असं जावई म्हणाले. हिची कंबर मात्र तशीच – पडल्याला दीड महिना झाला, आतल्या खोलीतला पलंग सुटत नाही.

जावयांनी आपला जुना स्टिरिओ आणून बाहेरच्या खोलीत बसवला. डावा स्पीकर यंत्रापासून तीन फुटांवर, वायर वीस फूट. उजवा सात फुटांवर, त्यालाही वीस. उरलेली भेंडोळी कपाटामागे. विचारलं तर म्हणतात, "बाबा, दोन्ही सारख्या लागतात. नाहीतर एका बाजूचा आवाज उशिरा पोचतो."

उशिरा! वाटेत चहाला थांबतो बहुतेक. शाळा सातवीपर्यंत, पण चाळीस वर्षं रेडिओ दुरुस्त केले. वीज एवढी रेंगाळलेली कधी पाहिली नाही.

मंगळवार
ही आतून म्हणते, "राहू द्या ना वायर. तुमचं काय खाते?" जावयाचीच बाजू घेणार.

बुधवार, ५ जून
जावई आले. त्यांना डोळे मिटायला लावले. कपाटामागे खुडबुड केली आणि म्हटलं, "डावी वायर आखूड लावली. ऐका."

"बिघडलं, बाबा. डावीकडचं मागे पडतंय."

मी काहीच बदललं नव्हतं. हसून हसून ठसका लागला. बिचारे ओशाळले, तरी जाताना म्हणतातच – "कापू नका हं."

गुरुवार
हसत हसत दोन्ही कापल्या. डावी चार फूट ठेवली, उजवी आठ. आवाजात तिळमात्र फरक नाही. उरलेल्या वायरीचे वीतभर तुकडे करून कुंड्यांतले वेल बांधले. कपाटामागे आता केरसुणी तरी जाते.

शनिवार, ८ जून
हिला विचारलं, "गाणी ऐकू येतात ना?"

"भिंतीतून गुणगुण येते."

मग डावा स्पीकर आत न्यावा म्हणून उचलला. दोन पावलांत वायर ताणली. दारापर्यंतसुद्धा पोचलो नाही.

आतून ही म्हणाली, "पलंगापर्यंत पुरेल एवढी आणा, असं मीच सांगितलं होतं जावईबापूंना. तुमच्या कानावर घालू नका म्हटलं. वायरीसाठी तुम्ही भिंत फोडायला घेतली असती."

"मग परवा कापताना बोलली का नाहीस?"

"मी पडल्यापासून तुम्ही पहिल्यांदा हसत होतात."

रविवार
जावयांना चिठ्ठी धाडली: लांबीने फरक पडतो. तुमचं कारण चूक, लांबी बरोबर. वीस फूट वायर पुन्हा पाठवा. उत्तर लवकर लिहा.