बांधी की बांदी

४ जुलै १९८१, जवाहरनगर
मुंबईच्या कंपनीचं पत्र आलं. आमच्या बँडची एल.पी. दिवाळीत. त्याआधी दोन गाण्यांची छोटी रेकॉर्ड काढणार. दिलीप पत्र नाचवतच कॅन्टीनमध्ये शिरला. पहिल्या बाजूला माझं 'बांधी'! आठ गाण्यांतलं माझं एकुलतं एक! दुसऱ्या बाजूला दि.चं हिंदी, ते होतंच. माय धान रोवताना म्हणते त्या ओळीला गिटार-ड्रम लावले, तर लोक हसले होते. आता हसा.

९ जुलै
पत्र आज नीट वाचलं. 'बांदी हे गीत गुलाम स्त्रीची वेदना प्रभावीपणे मांडते.' कव्हरवर साखळदंडातली बाई!
अरे, धानाची बांधी! चारी बाजूंनी धुरे, मातीचे बांध, मधे पाणी, शेताचा तुकडा! माय म्हणते, 'चिखलात उभी मी, बांधी माही.' माझी बांधी. ह्यांनी ऐकलं, 'बांदी मी ही.' शहाणे.
आणि टेपच्या डब्यावर नावं कोणी लिहिली? मीच. आपण बोलतो तसं, बांदी. स्वतःच्याच थोबाडीत द्यावीशी वाटली. खुलासा लिहून टपालात टाकला.

२३ जुलै
उत्तर आलं. चित्र तयार आहे, नाव बदलणार नाही. शेतीचं गाणं तरुण घेत नाहीत, सबब धानाचं तिसरं कडवं गाळावं. नाहीतर दुसरं गाणं निवडू. सोबत संमतीपत्र.
दि. म्हणाला, "काहून भडकून राहिला बे? मुंबईच्या लोकायले बांदी काय अन् बांधी काय!"
"अन् आपल्या लोकायले?"
"ते टाळ्याच वाजवतीन."
"तुह्या गाण्यातलं कडवं काढ मंग."
त्यानं संमतीपत्र उचललं. मग म्हणाला, "सात वर्सं लग्नात वाजवून मेलो आपण. आता कुठी दार उघडून राहिलं, तर तू आडवा."
खोटं नाही बोलला. म्हणून जास्तच चीड आली. कागद त्याच्या हातून हिसकावून घेतला.

२६ जुलै, रविवार, एकोडी
रोवणा चालू. माय गुडघाभर चिखलात. आजा जन्मभर दुसऱ्यांच्या बांधीत राबला. बाबांनी ही एक घेतली, स्वतःची. बाबा गेल्यावर ती मायच्या नावावर झाली. घरी गेलो की माय सातबारा काढते आणि स्वतःचं नाव माझ्याकडून वाचून घेते. तिला दासी करतात!
धुऱ्यावर उभा राहून सगळं सांगितलं. फार ओरडलो असेन, बाकीच्या बाया पाहायला लागल्या. मायचा हात थांबला नाही. हातातली रोपांची पेंढी संपल्यावर म्हणाली,
"ते मले बांदी म्हनतीन तर म्हनू दे. त्यायनं मले पाह्यलं कुठी? पन तू सही केली, तर ते तुनं म्हटलं होईन."
दुसरी पेंढी उचलली.

२७ जुलै
सही नाही केली, तर दोन्ही बाजूंना दि. माझं पुन्हा कोण विचारतो? चौतीस झालो. केली तर…
कंपनीला चार पानं शिव्या लिहिल्या, फाडल्या. दि.वर चिडून झालं. सगळ्यात जास्त संताप याचा, की सही अजूनही करावीशी वाटते.
दि. सहाच्या बसने एकोडीला येतो, कागद न्यायला. पावणेसहा झालेत. पेन उघडून बसलोय.