ऑरिनदाजींच्या होडीचा बिल्ला

प्रिय वर्नाताई,

नमस्कार. गुडघे पूर्वीसारखे असते तर वाकून केला असता. आता मनातल्या मनात वाकलो आहे असं समज. तुझी कंबर कशी आहे? तिकडे ओहायोत अजून बर्फ पडतो आहे म्हणे. इकडे फ्लोरिडात आत्ताच पंखे सुरू झालेत आणि माझ्या न्हाणीघरात एक सरडा राहायला आला आहे. तो उलटून बोलत नाही, त्यामुळे आमचं बरं चाललंय. तू विणून पाठवलेली लोकरीची टोपी मिळाली. (इथे तिचा उपयोग काय, असं मी विचारणार नाही. कॉफीची किटली तिच्याखाली छान गरम राहते.) ब्रिन कशी आहे? तिला वसंतातली सुट्टी लागली की घेऊन ये ना इकडे. तिचे आजोबा जिथे आयुष्यभर राबले ते करमणुकीचं पार्क नातीने बघायला नको का? मुलं बघता बघता मोठी होतात, ताई. बारा वर्षांची व्हायच्या आत आण. (हे आपलं सहज लिहिलं.)

आता लिहायचं ते लिहितो. हे पत्र मी बऱ्याचदा सुरू केलं आणि दर वेळी सरड्यापाशीच गुंडाळलं.

गालिच्यांचं दुकान बंद करून मी पार्कात बाबागाड्या भाड्याने द्यायच्या खिडकीवर लागलो, तेव्हा तू ऑरिनदाजींचा बिल्ला माझ्या हातावर ठेवलास. हिरवी होडी आणि तिच्या टोकावर बसलेला पेलिकन पक्षी. पार्कातल्या जुन्या होड्या बंद केल्या तेव्हा त्या चालवणाऱ्यांनाच काय तो मिळालेला, आणि मागे दाजींनी खिळ्याने कोरलेला आपल्या नावाचा इंग्रजी ‘ओ’. तू म्हणालीस, लायल, हा शर्टाच्या आतल्या बाजूला लाव, नव्या जागी धीर येईल, आणि ब्रिनच्या दहाव्या वाढदिवसाला परत आण, तो तिचा आहे. आतल्या बाजूला. हे शब्द मला नीट आठवतात. मुद्दाम सांगतो, कारण पुढे तू विचारशीलच.

आमच्या गळ्यातल्या पट्ट्याचा कायदा तुला दाजींमुळे पाठ आहे, तरी पुन्हा लिहितो, कारण माझा सगळा बचाव त्याच्यावरच उभा आहे. पार्कात काम करणाऱ्याच्या पट्ट्यावर बिल्ले असतात. येणाऱ्या कुणीही त्यातल्या एकाकडे बोट दाखवायचं (हात लावायचा नाही, ते असभ्य), आपल्याजवळचा पार्कचाच एखादा बिल्ला पुढे करायचा, आणि आम्ही आमचा काढून द्यायचा. त्याला आमचा आवडला नाही तर तो पुढे जाऊ शकतो. आम्हाला मात्र नाही म्हणायची सोय नाही. त्याने सोन्यासारखा बिल्ला मागितला आणि बदल्यात पोचे आलेला टोमॅटोचा बिल्ला दिला, तरी हसून ‘दिवस छान जावो’ म्हणायचं. त्यातही हिरवा पट्टा गळ्यात असेल तर फक्त बारा वर्षांखालच्या मुलांशीच अदलाबदल करायची. मोठ्या माणसाने रडून दाखवलं तरी नाही.

सुरुवातीला मी बिल्ला आतच लावत होतो. पण बाबागाड्यांच्या खिडकीवर माणसाकडे कोण बघतं, ताई? चिखल लागलेल्या चाकांच्या मागे मी असतो, एवढंच. एका सकाळी वाटलं, जरा बाहेर पट्ट्यावर लावून बघू. लोक थांबायला लागले. कुणीतरी विचारलं, ती जुनी होडी तुम्ही चालवायचात? मी त्यांना दाजींच्या गोष्टी सांगितल्या. (दाजींचं नाव घ्यायचं राहून गेलं असावं.) समोरच्या सरबताच्या गाडीवरची रोझाल्बा मला कप्तान म्हणायला लागली. तेही मी चालवून घेतलं.

मग एक दिवस जॉर्जियाहून आलेल्या एक बाई खिडकीशी आल्या. टोपीवर, पिशवीवर, कानातसुद्धा पेलिकन. त्यांनी माझ्या छातीकडे बोट दाखवलं आणि डोळे मिचकावणाऱ्या डोनटचा एक बिल्ला पुढे धरला. मागे गाड्यांसाठी रांग, कुणाचं तरी पोर भोकाड पसरलेलं, बाजूला आमचे साहेब. मी बिल्ला काढला, मागचं रबराचं बूच काढलं, त्यांच्या हातात दिला आणि ‘दिवस छान जावो’ म्हणालो. बाई गेल्यावर रोझाल्बाने गाडीवरूनच मला ऐकवलं.

“कप्तान, त्या पट्ट्यावर तू लग्नाची अंगठी लावलीस ना, तरी कुणीतरी पॉपकॉर्नचा बिल्ला देऊन घेऊन जाईल.”

सुट्टीच्या दिवशी मी साध्या कपड्यांत बिल्ला शोधायला गेलो. दिवसभर बाकांवर बिल्ल्यांच्या पिशव्या उघडून बसणारे मुरलेले गडी तू पाहिलेच आहेस. त्यांच्यातल्या गार्नर नावाच्या एका धिप्पाड माणसाने माझी हकीकत डोळे मिटून ऐकली, पेलिकन हल्ली दुर्मिळ झालेत म्हणाला, आणि माझ्या दुःखात सहभागी होता होता माझ्याजवळचे चांगले बिल्ले घेऊन मला असे काही दिले की रंग बोटांना लागला. ते चक्क नकली होते. भर उन्हात हात हिरवेनिळे करून मी परत निघालो. वाटेत घसा ओला करावा म्हणून सरबताच्या गाडीशी थांबलो, तर दाजींची होडी रोझाल्बाच्या गळ्यात.

झालं होतं असं की, त्या बाईंना मागचा ‘ओ’ दिसला. माल खराब आहे असं समजून त्यांनी आपल्या नातीला रोझाल्बाकडे पाठवून तो बदलून ओरखडा नसलेला पेलिकनचा बिल्ला घेतला. आणि रोझाल्बाचा पट्टा हिरवा आहे. म्हणजे कुठल्याही पोराने बोट दाखवलं की होडी गेली, आणि मी मात्र समोर उभा राहून नुसतं बघायचं. मी दिवसभर तेच करतो. मुलांच्या बोटांची इतकी धास्ती मी जन्मात घेतली नव्हती.

मला फार लाज वाटते, ताई. तुझं पत्र आलं की आधी ते बिल्ल्याच्या चौकशीने जड लागतंय का ते बघतो आणि मग उघडतो. कंबरेला शेक देत जा. सगळ्यांना माझी आठवण सांग.

तुझा धाकटा भाऊ,
लायल

ता. क. ब्रिनला बोलावण्याचं कारण तुझ्या ध्यानात आलंच असेल. तिने रोझाल्बासमोर उभं राहून बोट दाखवायचं, एवढंच काम आहे. प्रवासाचं मी बघतो. कारण तिला सांगू नकोस.

ता. क. दुसरा. तू म्हणशील, अरे, रोझाल्बा रोज समोर असते, तिला सरळ सांगून का मागत नाहीस? सांगायचं तर मी कप्तान नाही, हेही सांगावं लागेल. आणि वर मी कायद्याचं एवढं लांबण लावलं, त्यात एक गोष्ट गाळली. त्या बाईंनी बिल्ला घेण्याआधी विचारलं होतं, हा तुमच्या जिव्हाळ्याचा तर नाही ना, असेल तर राहू द्या. मी म्हणालो, असे माझ्याकडे पुष्कळ आहेत. काल रोझाल्बाने बिल्ला उलटा करून विचारलं, “कप्तान, हा ओ कोण रे?” दाजींनी मला पोहायला शिकवलं होतं, ताई. मी म्हणालो, “असेल कुणीतरी.”

ता. क. तिसरा. हे लिहून झाल्यावर मला घरात बसवेना. पाकीट तसंच खिशात घालून पार्कात गेलो आणि रोझाल्बाला सगळं सांगितलं. तिने लिंबं चिरणं थांबवलं.

“म्हणजे वादळात लोकांना काठाला आणलंस ते?”

“ते दाजींनी.”

“आणि ती मगर?”

“मगर माझी. दाजींच्या होडीजवळ मगर कधीच आली नव्हती.”

तिने सुरी पुसून खाली ठेवली. मग म्हणाली, “तुला नाही देणार, लायल. मुलीला आण, आणि होडी कुणाची होती ते माझ्यादेखत तिला सांग.” तेव्हा ब्रिनला कारण सांगितलंस तरी चालेल, नाहीतरी मला सांगायचंच आहे. अदलाबदलीला काहीतरी द्यावं लागतं, म्हणून डोनटचा बिल्ला पाकिटात घातला आहे, तो तिच्याजवळ दे. आणि दाजींच्या बिल्ल्याची काळजी करू नकोस. रोझाल्बाने तो माझ्यासमोर पट्ट्यावरून काढला आणि शर्टाच्या आतल्या बाजूला लावला. तिला कुणी सांगावंही लागलं नाही.