रश्मीनं वाचून न दाखवलेलं

१८ नोव्हेंबर, मंगळवार
बाळू, हे कधी तुह्या हातात पडलंच, तर पहिले चष्मा शोध. डोक्यावरच असन. माय इथं नंदनवन वस्तीत राहते, एवढं तरी आठवते का गा? मी बोलते, तुही पोरगी लिहिते; शिकायले माह्यापाशीच राहते नं. स्वतःचं रश्मी नाव पूर्ण लिहीत नाही, नुसतं 'र.' आळशी.
तुहा फोन आला : रविवारी खापरखेड्याले तुह्या शेजारच्या काकांच्या पोरीचं लग्न, शनिवारी रश्मीले न्यायले येतो. तेव्हापासून र.ची पोळी ताटात तशीच.

१९, बुधवार
दुपारी तिच्या लॅपटॉपवर फ्रेंच सिनेमा. मले ना फ्रेंच येत, ना खालची इंग्रजी पट्टी वाचता येत. र. वाचते अन् मराठीत सांगते. एक बाई, केस पिकायले लागलेले, लहानपणच्या गावी परतते. पियानो शिकवणाऱ्या मास्तरचं घर. तो दार उघडते, अन् आमची पोरगी बंद.
"पुढं सांग नं वं."
"काही नाही आजी, गाणं आहे."
बाईचे ओठ हलून राहिले होते. गाणं कुठचं! वाचता येत नाही मले, दिसते तर.

२०, गुरुवार
तोच भाग परत लावायले लावला. म्हटलं, आज मी सांगते, तू आईक. "ही बाई लहानपणी मास्तरवर भाळली होती. आता भेटायले आली, लाजून राहिली." मुद्दामच बोलली. चिडवल्याशिवाय ही पोरगी भाजीत मीठ कमी आहे हेही सांगत नाही.
ओरडली माह्यावर. "लाजत नाही आहे ती! नऊ वर्षांची होती, आजी, ती! तो दार लावून घ्यायचा. तिनं कोणालेच सांगितलं नाही."
मग हळूच, "मी पण नाही."
शेजारचा काका. गणिताची शिकवणी. बाळू रोज ज्याच्या ओट्यावर चहा पिते, तो.
पुढं तिनं मले
इथं र.चा हात थांबला. थांबू दे.

२१, शुक्रवार
जीव थाऱ्यावर नाही. दूध उतू गेलं, समोर उभी असून दिसलं नाही. र. म्हणते, "बाबाले सांगू नको, ते मानणार नाही." अन् मानलं तर? बाळू त्याचा गळा धरन, नाहीतर मटकन खाली बसन. दोन्हीची धास्ती. कोणाले विचारू मी? पोरगी गुडघे पोटाशी घेऊन बसली, मी नुसते तिचे केस विंचरून राहिली.
हा सिनेमा म्हणे पुस्तकावरून काढला. म्हणजे पहिले कोणीतरी कागदावर मांडलं. म्हटलं, मग हे लिहिलेलं बाळूले दाखवू का? हो म्हणाली नाही. नाहीही म्हणाली नाही.

२२, शनिवार
सकाळी बाळूचा फोन. "माय, तयार ठेव तिले."
"ती नाही येत."
"काहून? काका नाराज होईन. लहानपणी किती जीव लावला त्यानं तिले!"
र. समोरच बसली होती. तिले किती ऐकू गेलं, विचारायची हिंमत नाही झाली.
"तू ये. एकटाच ये."
"झालं काय पण, माय?"
ठेवून दिला. 
आता र. विचारते, बाबाले मेसेज काय टाकू? टाक : लग्नघरचं काही आणायचं नाही. बुंदीचा दाणाही नाही. सुनबाईले म्हण, आपल्या घरची ज्वारीची भाकर अन् वांग्याचं भरीत बांधून दे. तिघांपुरतं : तू, र. अन् मी.